वहिनीसाहेबांची शाळा

पुण्याच्या सेवासदन संस्थेचे काम वाढत गेले तसतशा तिच्या शाखा बाहेरगावी निघू लागल्या. १९२० च्या दशकातली ही यादी पाहिली तर मुंबई, सोलापूर, नाशिक, सातारा, अलिबाग आणि तेव्हाचे अहमदनगर अशी मोठी किंवा जिल्ह्याची ठाणी असलेली गावे तीत दिसतात. त्यांच्याच रांगेत बारामतीचेही नाव आहे. कऱ्हेकाठची ही बाजारपेठ त्या काळी काही फार मोठे शहर नव्हते. पण १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या शिवारात पाणी खेळू लागले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून पैसा आला, आणि पैशामागून कागद आले. कागद आले की ते वाचणारे आणि न वाचणारे अशी गावाची वाटणी होतेच. या वाटणीत बायका कुठल्या बाजूला होत्या, हे वेगळे सांगायला नको. १९०१ च्या जनगणनेत साऱ्या हिंदुस्थानात शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणारी एकही धड भरत नव्हती.

बारामतीच्या बाबतीत हे आणखीच खटकते. मोरोपंतांचे हे गाव. पंत १७९४ मध्ये गेले; त्यांच्या आर्या पुढे कीर्तनकारांनी घरोघर नेल्या, आणि ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते अशा कितीतरी आजीबाईंना त्या तोंडपाठ होत्या. म्हणजे स्मरण होते, समज होती, भाषेची गोडीही होती. नव्हते ते एवढेच, की समोर ठेवलेला कागद आपला आपण वाचता येणे. ही उणीव किती मोठी आहे, हे ज्या बाईने स्वतः भोगले आणि मग इतरांची ती भरून काढायला उरलेले आयुष्य दिले, त्या रमाबाई रानडे यांची ही गोष्ट.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, आता सांगलीत गेलेले हे गाव आज लोकांना ठाऊक आहे ते यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून. माहेर कुर्लेकरांचे, नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलींना अक्षर शिकवायचे नाही हा त्या काळचा शिरस्ता तिथेही होताच. बाई शिकली तर नवऱ्याच्या जिवावर बेतते, अशी समजूत भल्याभल्या घरांत होती.

अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, तिचे लग्न झाले. नवरा बत्तिशीच्या घरातला, बिजवर. पण साधा नव्हे, पुण्याचे न्यायाधीश महादेव गोविंद रानडे. सुधारकांचे पुढारी, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ते एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती आणि नेमकी तीच वडिलांना धास्ती होती. महिना-दोन महिन्यांच्या आत वडिलांनी ही मुलगी पाहून मुलाला बोहल्यावर उभे केले. रानड्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. त्याबद्दल त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले, आणि ते अगदीच अन्यायाचे होते असे म्हणवत नाही. स्वतःच्या घरातली बालविधवा बहीण दुर्गा हिचा पुनर्विवाह वडिलांनी होऊ दिला नव्हता, आणि रानडे तिथेही गप्पच राहिले होते.

मात्र एक गोष्ट त्यांनी केली. लग्न होताच नव्या बायकोला वाचता येते का, असे विचारले आणि येत नाही म्हटल्यावर पाटी-पेन्सिल आणून तिला मुळाक्षरे गिरवायला बसवले. रमाबाईंचे शिक्षण असे सुरू झाले. पुढे घरी शिकवायला बाई आल्या, मराठी पक्के झाल्यावर इंग्रजी आले. फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या मिस हरफर्ड इंग्रजी शिकवू लागल्या.

इथपर्यंतची कथा आपल्या घरोघरी माहीत आहे. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही मालिका दूरदर्शन संचावर आली तेव्हा लहान मुलेसुद्धा रमेची पाटी पाहायला बसत. पण या कथेतला खरा कठीण भाग पाटीचा नाही, माजघराचा आहे. रानड्यांचे घर मोठे. सासूबाई, नणंद, आश्रयाला असलेल्या नात्यातल्या बायका, त्यांतल्या कित्येक विधवा. या सगळ्यांचा शिकण्याला विरोध, आणि तो उघड. टोमणे, अबोला, कामाचा ढीग, सगळ्यांसमोर पाणउतारा, असे सारे प्रकार झाले. मडमेजवळ बसून शिकायचे म्हणजे सोवळ्याचा प्रश्न निराळाच. दिवसभर माडीखाली एक राज्य आणि रात्री माडीवर दुसरे. खाली वाचायचे नाही असा हुकूम, वर वाचलेच पाहिजे असा हुकूम. धडा झाला नाही तर पतीची नाराजी, धडा केला तर घराची.

या बायकांना खलनायिका ठरवणे सोपे आहे. मालिकांना ते सोयीचेही पडते. जरा थांबून पाहिले तर वेगळे दिसते. ज्या दुर्गाबाईंचे सारे आयुष्य एका रिवाजापायी जळून गेले, त्यांना कालची अकरा वर्षांची पोर येऊन तोच रिवाज ओलांडताना पाहावे लागत होते. घरातला त्यांचा मान वयावर, व्रतवैकल्यांच्या माहितीवर, स्वयंपाकघरावरच्या हुकमतीवर उभा होता. अक्षर आले की मानाची ही उतरंड हलणार, हे त्यांनी कोणत्याही सुधारकापेक्षा आधी ओळखले. प्रौढ बाईचे शिक्षण लहान मुलीच्या शिक्षणापेक्षा वेगळे पडते ते इथे. मुलगी शाळेत जाते तेव्हा घरचा एक पोर कमी होतो. सून शिकू लागते तेव्हा घरातले सगळे नाते नव्याने मांडावे लागते.

रमाबाईंनी तेव्हा भांडण केले नाही. घरातले काम चुकवले नाही, उलट उत्तर दिले नाही, आणि पाटीही सोडली नाही. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. तिथे संसार स्वतंत्र, तेव्हा थोडा मोकळा श्वास घेता आला. त्यांनी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायला सुरुवात केली. हळदीकुंकू म्हणजे कुणाही सासूला हरकत घेता येणार नाही असे निमित्त. त्यात चार कामाच्या गोष्टी बोलता येत. जाहीर सभेत बोलण्याचा पहिला प्रसंग नाशिकलाच आला. ते भाषण मात्र पतीने लिहून दिलेले होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला, तेव्हा या रमाबाई त्यात उत्साहाने सामील झाल्या. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरसमोर वाचले. आज हुजूरपागा म्हणून जी शाळा आपण ओळखतो ती त्यातूनच उभी राहिली. सभेतल्या टाळ्या संपवून त्या घरी आल्या तेव्हा माजघरात काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. अलीकडच्या अभ्यासकांनी रमाबाईंच्या या काळावर आक्षेप घेतला आहे, की त्या शिकल्या त्याही आज्ञेने. नवऱ्याने वाच म्हटले म्हणून वाचले, बोल म्हटले म्हणून बोलल्या. आक्षेप खोटा नाही. त्यांच्या आठवणी वाचताना पतीची मर्जी सांभाळण्याची धडपड पानोपानी जाणवते. आणि पुण्यात प्रौढांना शिकवायचा विचार काही रानड्यांच्या माडीवर जन्मला नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. रमाबाईंचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तरीही माझ्या मते, आज्ञेने शिकलेले अक्षर आज्ञेपुरते राहते का, हा प्रश्न त्यांच्या उत्तरायुष्यानेच सोडवला.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या आसपास. त्या पुण्याला परतल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांकडे जाऊ लागल्या, रुग्णालयांत जाऊ लागल्या. आता पुढे काय करायचे ते सांगणारे कुणी नव्हते, आणि नको म्हणणारेही फारसे उरले नव्हते.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले आणि अध्यक्षपद रमाबाईंना दिले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू झाले. देवधर हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. हिशेब, अहवाल, वर्गणी यांत तरबेज. पण बायकांनी विश्वास टाकला तो वहिनीसाहेबांवर. रमाबाईंना सारे याच नावाने ओळखत. कर्व्यांचा आश्रम हिंगण्याला होताच, मुलींच्या शाळाही होत्या. मग हे नवे कशाला, असे त्या वेळी विचारणारे होते. उत्तर सेवासदनाच्या वर्गांत होते.

पंचविशीची विधवा, किंवा दोन मुलांची आई, मुळाक्षरे शिकायला जाणार कुठे? मुलींच्या शाळेत सहा-सात वर्षांच्या पोरींशेजारी तिला बसवता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. म्हणून सेवासदनाने मोठ्या बायकांसाठी वेगळे प्राथमिक वर्ग काढले, मराठी चौथीपर्यंतचे. वेळ दुपारची. सकाळचा स्वयंपाक, जेवणी, उष्टी-खरकटी आटोपल्यावर आणि संध्याकाळचा दिवा लावायच्या आधी जो घटकाभर बाईच्या वाट्याला येतो, तो. ही वेळ कुणा शिक्षणाधिकाऱ्याने काढलेली नव्हे. ज्या बाईने स्वतः माजघरातले काम उरकून पाटी हातात घेतली होती, तिलाच ती सुचण्याची शक्यता अधिक.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चौथी झालेल्या बाईला तिथेच सोडून दिले जात नव्हते. पुढे अध्यापिका होण्यासाठी प्रशिक्षण वर्ग होते. त्यातूनच बाई मोतलीबाई वाडिया यांच्या नावाचे प्रशिक्षण महाविद्यालय झाले. परिचारिका आणि सुईणींच्या शिक्षणाची सोय ससून रुग्णालयात केलेली होती आणि त्यांच्यासाठी वसतिगृहे होती. शिवण, भरतकाम, विणकाम, संगीत होते. म्हणजे मुळाक्षराची पायरी चढणाऱ्या बाईला वरच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि शेवटच्या पायरीवर पगार होता. मास्तरीण होऊन दरमहा हातात पैसे घेणाऱ्या विधवेला दिराच्या घरी कोपऱ्यात बसवणे कठीण जाते. सोवळ्यातल्या विधवेने परक्या रोग्याची शुश्रूषा करायची, या कल्पनेने पुण्यात गहजब झाला. वहिनीसाहेबांनी वाद घातला नाही. त्या स्वतः रुग्णालयात जात राहिल्या. नाशिकचे हळदीकुंकूही त्यांनी सोडले नव्हते.

उणे नव्हते असे नाही. सेवासदनाची दारे सर्व जातिधर्मांना खुली असली तरी सुरुवातीला तिथे आल्या त्या बहुतांश पांढरपेशा घरांतल्या बायका. दुपारी घटकाभर मोकळ्या असण्यासाठी शेतावर मजुरीला जावे लागू नये, हे उघड आहे. खुरपे घेऊन दिवस मावळेपर्यंत रानात राबणाऱ्या बाईला दुपार कुठली? हा प्रश्न सेवासदनाला सुटला नाही. फुल्यांची शाळा रात्रीची होती, ते काही उगाच नाही.

तरी ही शाळा पुण्याच्या पेठांपुरती राहिली नाही. १९२० मध्ये पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. पैसा पुरत नाही, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरती असावी, असे म्हणणारे बडे लोक होते. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर आल्या. मिरवणूक निघाली, सभा झाल्या. जी सून एकेकाळी माजघरात उलट शब्द बोलत नव्हती, ती साठीला टेकताना शहराच्या कारभाऱ्यांना जाब विचारत होती, आणि या वेळी भाषण कुणी लिहून दिलेले नव्हते. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या; १९२१ मध्ये तो हक्क मिळाला.

बारामतीच्या परिसराशी सेवासदनाचा धागा शाखेपुरताच नाही. कोल्हापूरकडच्या भोसले घराण्यातली शारदा नावाची मुलगी पुण्याच्या सेवासदनात राहून शिकली, लग्न होऊन पवारांच्या घरी बारामतीजवळच्या काटेवाडीला आली आणि १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेली. शेतकरी घरातली बाई, कडेवर मूल घेऊन जिल्ह्याच्या सभेला जाते, ठराव वाचते, शाळा-विहिरींवर बोलते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. शारदाबाई पवार पुढे एका मुख्यमंत्र्यांच्या आई म्हणून ओळखल्या गेल्या. त्याआधी त्या स्वतःच्या सहीने ओळखल्या जात होत्या, हे विसरले जाते. याच मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत १९९४ मध्ये राज्याचे महिला धोरण आले, आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी राज्याची कायद्यातली दुरुस्तीही त्याच वर्षी झाली.

कायद्याने वाटा दिला. आता बारामती-इंदापूरच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात या कायद्याचे दुसरे टोक पाहावे. बहिणी माहेरी येतात, साडी-चोळी होते, आणि भावाच्या नावे हक्कसोडपत्र होते. ज्या बहिणीने कागद वाचून, समजून हक्क सोडला, तिच्याबद्दल कुणी काही बोलू नये. तो तिचा विचार. पण कागद न वाचताच जिचा अंगठा लागतो, तिने काय सोडले हे तिला कुणी सांगितलेले नसते. ऊसबिलाची पावती, सातबाऱ्यावरचे नाव, बचत गटाचे पासबुक यांचेही तेच. उजनी धरणामुळे १९८० च्या आगेमागे इंदापूर तालुक्यातली भीमेकाठची गावे उठली, पुनर्वसनाचे कागद घरोघर आले. जमिनी बहुधा पुरुषांच्या नावावर, म्हणून ते कागदही त्यांच्याच हाती गेले.

१९९३ पासून पंचायत राज्यात स्त्रियांना एक तृतीयांश आणि २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा राखीव झाल्या. सरपंच बाई, आणि कारभारी तिचा नवरा, हे चित्र वर्तमानपत्रांनी पुष्कळ रंगवून झाले. त्यात हसण्यासारखे काही नाही. इतिवृत्त वाचता येत नसेल तर सही कुठे करायची ते दुसराच दाखवणार.

मोठ्यांना शिकवण्याच्या मोहिमा आपल्याकडे कमी झाल्या नाहीत. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात, म्हणजे रमाबाईंच्याच जन्मजिल्ह्यात, ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. गावे साक्षर झाली म्हणून गुढ्या उभारल्या. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन निघाले; प्रभातफेऱ्या झाल्या, कंदील वाटले, पुस्तिका वाटल्या. कित्येक बायका सही शिकल्या आणि कित्येकजणी दोन-तीन वर्षांत ती विसरल्याही, कारण सहीनंतर वाचायला हाताशी काहीच आले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरपैकी सुमारे ७६ स्त्रिया साक्षर होत्या. उरलेल्या चोवीसजणींमध्ये मोठ्या वयाच्या, खेड्यातल्या, मजुरीवर जाणाऱ्या बायका जास्त. अलीकडे, २०२२ पासून, नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. त्यातही वर्ग कधी भरवायचा आणि पुढची पायरी कुठली, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय परीक्षेला बसलेल्यांचे आकडे फार काही सांगणार नाहीत.

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. तेव्हा एकट्या पुण्याच्या सेवासदनात हजाराच्या आसपास मुली-बायका शिकत होत्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांचे स्वतःचे पुस्तक ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चे. गोखल्यांची त्याला प्रस्तावना आहे, आणि मराठीतल्या पहिल्या काही स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते. अजूनही ते वाचनालयात मिळते, अवश्य वाचावे. मात्र त्यात सेवासदन शोधायला जाल तर सापडणार नाही. पुस्तक न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी, १९०१ च्या जानेवारीत थांबते. तुरुंगातल्या बायका, दुपारचे वर्ग, १९२० ची मिरवणूक, हे सारे त्यानंतरचे. त्या तेवीस वर्षांबद्दल वहिनीसाहेबांनी आत्मचरित्र म्हणून काहीच लिहून ठेवले नाही.